आणखी एक मुलगा

लेकाच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि असा आजार झालेलं दुसरं कुणी शोधता शोधता आई मेटाकुटीला आली होती. शोधनिबंध नेटवर दिसायचे, पण पैसे भरल्याशिवाय उघडायचे नाहीत. मग ते सगळ्यांसाठी खुले झाले आणि त्यात एक मुलगा सापडला. तशीच आखडलेली बोटं, तसेच झोपेतले झटके. कितीतरी दिवसांनी तिला हायसं वाटलं.

तिने फोन डॉक्टरांपुढे धरला. "याच्या आईचा नंबर तेवढा मिळवून द्या. बाकी काही नको, नुसतं बोलायचंय."

डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तुमच्या आधीच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी लिहिलाय हा निबंध," ते म्हणाले.

"मग त्यांच्याकडे असेलच की नंबर," ती म्हणाली.



"ताई, याच्या आईशीच बोलतोय मी."