कोपऱ्यातला चौकोन

मयूरीने लॅपटॉप बाबांकडे, दौलतरावांकडे वळवला. पडद्यावर चार आलेख होते, मसोलीच्या त्यांच्या चार चिकूवाड्यांचे. १९९१ ते २०१६. हिरवी रेघ फळांच्या तोडीची, तपकिरी फळगळीची. कोणता रंग कशाचा हे सांगणारा चौकोन प्रत्येक आलेखाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात होता.

"चारचार वेळा कशाला सांगतेस, ताई?" विपुल म्हणाला. "आम्ही काय बहिरे आहोत?"

"प्रोग्रॅममधली ती ओळ लूपमध्ये, पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात राहिली. म्हणून प्रत्येक आलेखात उमटली."

दौलतराव शेवटच्या आलेखाकडे बघत होते. तो जुन्या वाडीचा. तिथली झाडं राखायची की कापून नवी लावायची, हे आज ठरायचं होतं. करवतवाल्याला संध्याकाळपर्यंत निरोप हवा होता.

"रेघ खालीच चालली आहे," ते म्हणाले. "पण ही येते कुठून? चौकोनाखालून निघाल्यासारखी दिसते."

मयूरीने वाकून पाहिलं. चौकोनाची जागा तिने पहिल्या आलेखावरून ठरवली होती. तिथली झाडं सुरुवातीच्या वर्षांत लहान, तोड कमी, त्यामुळे तो कोपरा रिकामाच होता. जुन्या वाडीच्या भराची वर्षं मात्र नेमकी त्याच कोपऱ्यात होती.

तिने ती ओळ लूपमधून काढली आणि चारही आलेखांच्या खाली मिळून एकच चौकोन ठेवला. आलेख पुन्हा उमटले. चौथ्यातली हिरवी रेघ बाकीच्या तिन्हींच्या वर जाऊन उभी राहिली.

"हे ते वर्ष," दौलतराव रेघेच्या टोकाकडे बघत म्हणाले. "टोपल्या पुरल्या नाहीत. तुझ्या आईने घरातल्या बादल्या, घमेली, तुमचा आंघोळीचा टब, सगळं वाडीत पाठवलं."

"टबाला नंतर चिकाचा वास यायचा," विपुल म्हणाला. "आणि मला त्यातच बसवायचे."

तिघंही हसले. मग विपुलने पडद्यावर बोट ठेवलं. "पण बाबा, आता तर उतार आणखीच मोठा दिसतो."

मयूरीने आकडे परत तपासले. चूक नव्हती.

"दिसतो खरा," दौलतराव म्हणाले. "सांग करवतवाल्याला. सोमवारी ये म्हणावं."

विपुल फोन घेऊन ओट्यावर गेला. दौलतराव तिथेच बसून राहिले.

"मयू, हा एकच आलेख छापून देशील? इथपर्यंत." त्यांनी उताराच्या अलीकडे नख टेकवलं.

"देते." तिने बाकीचे तीन आलेख काढून टाकले आणि वर्षं तिथे थांबवली. "रंगांचा चौकोन ठेवू ना खाली?"

"तो परक्या माणसाला लागतो," ते म्हणाले.