वेशीवरचा टेहळ्या

कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळात रानटी टोळ्यांना कसं आवरायचं, हे मधुकररावांना त्यांच्या लेकीनेच, गंधालीने शिकवलं होतं. "बाबा, आधी त्यांचा एकच टेहळ्या येतो. तो शहर बघून परत गेला, की मागून टोळी आलीच समजा. त्याला वेशीवरच गाठायचं."

मधुकररावांनी हे फारच मनावर घेतलं. पाहुण्याला आत सोडायचं का, हे विचारणाऱ्या सोसायटीच्या ॲपवर वॉचमनने 'यज्ञेश, गंधालीकडे' असं कळवलं, की ते दरवेळी 'नकार' दाबत. शेवटी गंधालीच यज्ञेशकडे निघून गेली. मुलुंडच्या त्या फ्लॅटवर मग कोणीच चाल करून आलं नाही.

परवा टोळ्यांनी त्यांची राजधानी घेरली होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. स्क्रीनवरची नजर न काढता त्यांनी सवयीने 'नकार' दाबला. टोळ्या पिटाळल्या, राजधानी राखली आणि मग निवांत नाव पाहिलं.

पाहुणे: गंधाली.

ते अनवाणीच गेटवर धावले. "अरे, मॅडम कुठायत?"

"गेल्या ना साहेब," वॉचमन म्हणाला. "त्यांनी रिक्षा सोडलीच नव्हती."