तृप्तीची वाटी

"नाव सांगा, नाही तर उद्या पोलीस ठाण्यात तक्रार जाते," तो माणूस तिसऱ्यांदा म्हणाला. तो नागपूरहून आला होता, सिनेमा कंपनीच्या वकिलाकडून. सौंसरच्या केसरबाईंच्या ओसरीवर बसून त्यानं चहाही थंड करून टाकला होता.

घरात कॉम्प्युटर एकच, नात प्रणालीचा. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती, आणि चरित्र पडताळणीचे कागद त्याच ठाण्यात पडून होते. भिंतीला टेकून ती एकच सांगत होती, इंटरनेटवरून सिनेमा उतरवून झाला की मी त्याच घडीला सगळं बंद करते.

केसरबाईंचं डोकं तापलं. शेजारच्या तृप्तीनं सकाळी वाटीभर भाजी पाठवली होती, ती वाटी पुसता पुसता त्यांनी पाहुण्याला धुऊन काढलं. या घरात कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला काय चाललं, सारं त्याच्या कागदावर. दुसऱ्याच्या दाराच्या फटीला डोळा लावणाऱ्याला आमच्या गल्लीत काय मिळतं ते विचारून या म्हणाल्या. वर चोर आम्हालाच म्हणता?

तो चिडला नाही. रोज असल्या शिव्या खात असावा. पाहणारे हजारो असतात, आजी, म्हणाला, त्यांच्यामागे आम्ही धावत नाही. आम्हाला वाटणारा पाहिजे. अकरा दिवस, रोज दुपारी, तो सिनेमा या घरातून लोकांना गेला. सहाशे चाळीस जणांना.

दुपारी मी शाळेत शिकवायला असते, प्रणाली म्हणाली. ते कोर्टात सांगा, त्यानं पेन काढलं. कॉम्प्युटर तुमचा, नाव तुमचं.

वाटीत शेंगदाणे भरणारा केसरबाईंचा हात थांबला. सिनेमा उतरताना कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या दोन रेघा प्रणालीनंच त्यांना दाखवल्या होत्या. एक लोकांकडून घेतल्याची, एक लोकांना दिल्याची. घेतल्याची काठोकाठ भरली होती. दिल्याची जवळपास कोरीच. आणि पोरीनं बटण दाबून सगळं बंद करून टाकलं होतं.

त्यांनी आणखी एक मूठ टाकली, वाटी प्रणालीच्या हाती देऊन तिला तृप्तीकडे पिटाळलं. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या.

"तिचं नाव खोडा," मग म्हणाल्या. "केसरबाई लिहा. ती शाळेत गेली का ते डबडं मीच चालू करत होती."

त्याचं पेन तसंच राहिलं. "तुम्ही? कशासाठी, आजी?"

"पोरीनं लोकाईच्या घरचं घेतलं अन् दार लावून बसली," केसरबाईंनी पदर खोचला. "आमच्या घरून रिकामी वाटी परत जात नाही, साहेब."