चाळिसावी नळी

"तो ठिपका काढून टाक," आलेखावर सगळ्यांपासून दूर पडलेल्या ठिपक्याकडे बघत माझे पीएचडीचे गाइड म्हणाले. "निरोगी बायकांमध्ये मायक्रोआरएनए इतका वाढत नाही. नमुना खराब झाला असणार."

मी तिसऱ्यांदा चाचणी लावली. आकडा हलला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्या नमुन्यातल्या पेशी अगदी निर्दोष दिसत होत्या. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाहूल पेशी बिघडण्याआधीच मायक्रोआरएनएचे हे चिमुकले रेणू वाढून देतात, हाच तर माझ्या प्रबंधाचा दावा होता.

त्या नमुन्याच्या नळीवर नाव नव्हतं, फक्त चाळीस हा आकडा. पण ती कुणाची हे मला ठाऊक होतं: तुलनेसाठी चाळिसावी निरोगी बाई मिळत नव्हती, तेव्हा लॅबमधली काचेची भांडी धुणाऱ्या सुगंधामावशी स्वतःहून म्हणाल्या होत्या, "माझा घे गं नमुना. मला काय धाड भरलीय?"

मावशी बेसिनपाशीच होत्या. मी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. "मावशी, उद्या आपल्याला दोघींना डॉक्टरांकडे जायचंय. तुमच्या नमुन्यात आकडा जास्त आलाय, नीट तपासणी करायला हवी."

त्यांचा चेहरा पडला. "माझ्यामुळं तुझा एवढ्या वर्षांचा अभ्यास वाया गेला का गं?"

"नाही मावशी," त्यांचे ओले हात धरून मी म्हणाले. "आज पहिल्यांदा कामी आला."