वॉरंटीतली बारीक अक्षरं

“एसी बंद, दिवे बंद! वॉरंटी काय शोभेला दिलीय?” सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीपाशी उभे राहून सबनीस ओरडत होते. शेजारी त्यांची बायको अवघडून उभी होती.

तिथल्या मुलीनं डॅशबोर्डवरचा लाईटचा गणपती उचलून दाखवला. त्याची वायर चिकटपट्टीनं गाडीच्या वायरिंगला जोडलेली होती आणि तिथूनच सगळं जळालं होतं. “बाहेरून वायर जोडली की वॉरंटी जाते, काका. तुम्ही सही केलेल्या या कागदात आहे हे. कुणी जोडली?”

सबनीसांनीच जोडली होती, दसऱ्याला गाडीची पूजा करताना. “शोरूमला विचारून घ्या हो,” असं बायको म्हणाली, तेव्हा “तुला काय कळतं त्यातलं?” म्हणून हसलेही होते.

“हिचा हट्ट,” सबनीस म्हणाले. “ऐकेचना.”

बायकोनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “हो, माझंच चुकलं.”

“काकू, पुढच्या वेळी काकांना विचारून करा हं,” मुलगी समजुतीनं म्हणाली.

“हो,” म्हणत बायकोनं गणपती पदरात घेतला.

सबनीसांनी मुलीच्या हातातला कागद घेतला आणि ते त्यातली बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचू लागले. मान वर करायची हिंमत होत नव्हती.