मेणाखालचा दांडा

‘सदर कनेक्टिंग रॉड मूळ कारखान्याचा, अस्सल आणि न वापरलेला आहे,’ असे जुन्या मोटारींच्या मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्रात म्हटले होते. इंजिनातला पिस्टन फिरत्या आसाशी जोडणारा हा लोखंडी दांडा मूळ कारखान्याचा होताच. अंगावर घडवतानाच उमटवलेला क्रमांक मोटारीच्या पुस्तिकेशी तंतोतंत जुळत होता. अस्सलही होता. न वापरलेला तर निर्विवाद होता. तीन विशेषणे, तिन्ही खरी. त्या वाक्याने फक्त एक प्रश्न शिताफीने टाळला होता: एकेका सुट्या भागासाठी मोटारमालक कारखान्याच्या दारात ताटकळत उभे राहत, त्या काळात हा एकटाच दांडा कोणी का वापरला नाही?

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईने पिशवीतून आपल्या इंजिनातला एक जुना दांडा काढला आणि काउंटरवर नव्याच्या शेजारी ठेवला.

दुकानदार हसला. “काय हे, ताई! नवी नवरी पसंत करायला कोणी जुनीला बरोबर आणतं का?”

“वजन जुळायला हवं, काका. चार दांड्यांत एक जरी जड निघाला तरी इंजिन थरथरतं.”

वजन जुळले. व्हर्नियर लावून तिने दोन्ही टोकांची भोके मोजली, तीही जुळली. कोपऱ्यातल्या खुर्चीत प्रमाणपत्रावर सही करणारे परीक्षक बसले होते. दांडा आपणच घडवला असावा अशा समाधानाने त्यांनी मान डोलावली.

मग तिने दोन्ही दांडे सुतळीने टांगले आणि पान्याने एकेक टोला दिला. झिजलेला, काळवंडलेला जुना दांडा खणखणला. त्याचा नाद दुकानभर रेंगाळला. नवा नुसताच ‘ठक्’ म्हणाला.

“मेण आहे ना त्यावर,” दुकानदार घाईने म्हणाला. “कारखान्यातलं, गंज चढू नये म्हणून लावलेलं. घंटेला स्वेटर घातला तर ती वाजेल का?”

“मग पुसू या.”

“अहो, पुसू या काय! मेण आहे म्हणून तर तो न वापरलेला. संग्राहक लोक हे मेण बघायला येतात. पुसलं की संपलं सगळं.”

या धंद्यात वस्तूचे चारित्र्य तिच्या मळावरून ठरते.

“परीक्षण मेणासकटच करायचं असतं,” परीक्षक म्हणाले. “ठोकून बघणं नियमांत बसत नाही.”

“नियम कोणी केले, सर?”

“समितीनं.” समितीत आपण एकटेच आहोत, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही.

“ही गाडी काचेत ठेवायची नाहीये,” ती म्हणाली. “माझे बाबा ती चालवणार आहेत आणि शेजारी माझी मुलगी बसणार आहे. तुमचं प्रमाणपत्र वाचूनच बाबांनी मला पाठवलंय.”

वेगात असताना हा दांडा तुटला तर काय होते, हे तिघांनाही ठाऊक होते. तुटका तुकडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो, इंजिन अडकते, मागची चाके जागच्या जागी धरतात आणि मग गाडी कुठे जाणार हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

तिने दांडा सोडवून हातात घेतला. मेण सगळीकडे जुने होते, पिवळट, नखाला दाद न देणारे. मोठ्या टोकाजवळ शर्टाच्या गुंडीएवढ्या जागी मात्र तिचा अंगठा रुतला. तिने विचारले नाही. पिशवीतली रॉकेलची चिंधी काढली आणि तेवढीच जागा पुसली. खाली कानशीच्या रेघा होत्या, अजून चकचकीत. त्या रेघांच्या कडेला, कानशीतून निसटलेले, एका ठोकलेल्या फुलीचे एक टोक उरले होते.

“सर, ही खूण कसली?”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “नापासाची. घडवताना लोखंडात आत चीर राहिली की कारखान्यातला तपासनीस फुली ठोकायचा.” ते पुढे म्हणाले, “माझ्याकडे फोटो आले होते. फोटोंत ती दिसत नव्हती.” मग त्यांना एकाएकी कुठेतरी पोचायचे असल्याचे आठवले. ते निघून गेले.

“मला काय माहीत?” दुकानदार म्हणाला. “बंद झालेल्या गोदामातला माल एकगठ्ठा घेतला, त्यात आला. आम्ही काय त्याच्या पोटात शिरून बघतो? देवाशपथ सांगतो, मला तो चांगलाच वाटला.”

“चांगला वाटला?”

“शंभर टक्के.”

ती पान्याशी चाळा करत राहिली. “तुमच्या मुलाकडेही हीच गाडी आहे ना, काका? वर्ष झालं, ठोकळ्यांवर उभी आहे. एका दांड्यासाठी मंडळात ज्याला त्याला फोन करत असतो तो. लोक हसतात त्याला. बापाच्या दुकानात हा दांडा पडलाय आणि पोरगा गावभर विचारत फिरतोय.”

दुकानदाराने चिंधी ओढून घेतली. पुसलेली जागा तो पुन्हापुन्हा पुसू लागला, आता पुसण्यासारखे काही नसताना. मग तिच्याकडे न बघता तो जे बोलला ते शब्दशः असे:

“मागितला होता त्यानं, हाच. मी म्हटलं, बाळा, आपल्याकडे नाहीये तो.”