श्रीमंतचा डबा

वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, असं पूजानं फोनवर बजावलं होतं. म्हणून रंगनाथ ओट्यापाशी स्टूल ओढून बसून राहिले. इलेक्ट्रिक कुकरमध्ये दुधी आणि मुगाची डाळ होती.

कुकर पूजानंच दिवाळीत आईसाठी पुण्याहून आणला होता. बनुबाईंनी तो हौसेनं वापरला. मसूर, मटकी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, सगळं त्यातच व्हायचं. रंगनाथांनी तोवर स्वयंपाकघरात तांब्या भरून घेण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता बनुबाई नव्हत्या आणि पारनेरच्या घरात ते एकटेच होते. वडील स्वयंपाक शिकतायत, याचं पूजाला बरं वाटत होतं. एकट्या माणसाला एवढी आमटी कशाला, हे तिनं विचारलं नाही.

शेजारच्या सरवरीनं मात्र विचारलं. रोज सकाळी डबा घेऊन कुठं जाता, असं ती कुंपणापलीकडून म्हणाली. नगरला दवाखान्यात एक पेशंट आहे, त्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय आणि त्याला कोणी नाही, असं रंगनाथांनी सांगितलं. सरवरी घरात गेली आणि भाजून कुटलेल्या जिऱ्याची पुडी घेऊन आली. टाके ओले असतील, तिखट अजिबात घालू नका, एवढं जिरं पुरे, असं तिनं समजावलं.

मग म्हणाली, “बनुभाभी असत्या तर त्यांना लई बरं वाटलं असतं, भाऊ.”

रंगनाथांनी पुडी खिशात ठेवली आणि स्टँडकडे निघाले.

पेशंटचं नाव श्रीमंत. तिशीतला, टेम्पो चालवणारा. हायवेच्या कडेला त्याची गाडी उलटली होती. बरगड्या मोडल्या होत्या, एक पाय मोडला होता, जबडा तारांनी बांधलेला होता. गाव लांब, आईबाप हयात नाहीत, आणि टेम्पोच्या मालकानं फोन उचलणं बंद केलं होतं. दवाखान्यात सगळ्यांना अंडं कालवून द्यायचे, ते तो खात नसे. पण खरं म्हणजे त्याला काहीच खायचं नव्हतं. सिस्टर पेज घेऊन आली की तो भिंतीकडे तोंड करायचा. पोटात काही गेलं नाही तर हा यातून उठत नाही, असं डॉक्टरांनी रंगनाथांना स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी गाळून आणलेलं दुधीचं पाणी तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. रंगनाथ चमचा धरून कॉटशेजारी बसून राहायचे. चमचा गार झाला की तो डब्यात रिकामा करून पुन्हा भरायचे. असे काही दिवस गेले आणि एकदा श्रीमंतनं तोंड फिरवलं नाही. रंगनाथांनी ओठांच्या कडेनं एक चमचा आत सोडला. मग आणखी एक.

त्यानंतर घरी रोज काहीतरी नवीन शिजायला लागलं. मसूर, लाल भोपळा, पालक घातलेली तूरडाळ. शिजलं की घोटायचं, घोटलं की गाळायचं. एकदा पाणी कमी पडलं, बुडाला करपलं आणि कुकर आपसूक बंद पडला. रंगनाथांनी भांडं घासलं, सगळं पहिल्यापासून केलं आणि नंतरच्या एसटीनं गेले. एकदा शेंगदाण्याच्या आमटीची चव बघितली तर ती हुबेहूब बनुबाईंच्या हातची लागली. ते पायरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आत येऊन त्यांनी डबा भरला.

तारा निघाल्या, तसा श्रीमंत बोलायला लागला.

“बाबा, त्या दिवशी माझ्या हातून लई वाईट...”

“आत्ता न्हाई,” रंगनाथ म्हणाले. “आदी खा. ताकद येऊ दे.”

श्रीमंत रडायला लागला. आमटी हनुवटीवरून ओघळली, ती रंगनाथांनी रुमालानं पुसली.

डॉक्टरांना त्यांचं कौतुक वाटत होतं. नातं काय, असं त्यांनी एकदा विचारलं. काही नाही, असं रंगनाथ म्हणाले. मग त्यांनीच उलट विचारलं, की हा उभा राहील का, नीट बोलेल का, झालेलं सगळं त्याला आठवत असेल का. डोक्याला काही लागलेलं नाही, सगळं व्यवस्थित होईल, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत, असंही म्हणाले.

घरी सोडायच्या दिवशी रंगनाथांनी शेवग्याची आमटी आणि मऊ भाकरी नेली. श्रीमंतनं स्वतःच्या हातानं कुस्करून खाल्ली. मधेच त्याचा जबाब घ्यायला हवालदार येऊन दारात उभा राहिला. त्याचं खाणं होऊ द्या, असं रंगनाथांनी सांगितलं. हवालदार बाकावर जाऊन बसला.

जेवण झाल्यावर श्रीमंत वॉकर धरून उठला. पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, पण वाकता येईना. त्यानं नुसतेच हात जोडले.

“बाबा, मला मरायचं हुतं. तुमी मरू दिलं न्हाई,” तो म्हणाला. “इतके दिस आईसारखं भरवलंत. आता तुमचं नाव तरी सांगा.”

रंगनाथांनी दाराकडे बघून हवालदाराला आत बोलावलं.

“मी रंगनाथ,” ते म्हणाले. “तुझ्या टेम्पोखाली आली, त्या बनुबाईचा नवरा. आरोपी मेला की केस बंद हुती, असं वकील म्हनले हुते. म्हनून तुला जगवला.”